तिघांनी पाहिलेले प्रदर्शन

एमर्सन, लेक अँड पामर या इंग्रज रॉक त्रयीचा ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ हा अल्बम नोव्हेंबर १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो स्टुडिओत घडवलेला नाही. २६ मार्च १९७१ रोजी न्यूकॅसल सिटी हॉलमध्ये श्रोत्यांसमोर झालेल्या कार्यक्रमाचे ते ध्वनिमुद्रण आहे. रॉक वादकांनी अभिजात संगीतात ढवळाढवळ केली, हा आक्षेप या अल्बमवर नेहमी घेतला जातो. मला तो पटत नाही, आणि त्याचे कारण मूळ रचनेच्या इतिहासातच आहे.

चित्रकार आणि वास्तुरचनाकार व्हिक्टर हार्टमान १८७३ मध्ये अकाली गेला. पुढच्या वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरले आणि ते पाहून त्याचा मित्र, रशियन संगीतकार मॉडेस्ट मुसोर्ग्स्की याने याच नावाची मूळ रचना लिहिली, ती केवळ पियानोसाठी. आज बहुतेकांच्या कानात असते ते फ्रेंच संगीतकार मॉरिस राव्हेलने १९२२ मध्ये केलेले वाद्यवृंदासाठीचे रूपांतर. ते देखणे आहे यात वाद नाही, पण मूळ पियानोतला खडबडीतपणा, पट्ट्यांवर आदळणाऱ्या बोटांचा तो जोर, त्या रेशमी रंगसंगतीत बराचसा झाकला जातो. कीथ एमर्सन हा मुळात पट्ट्यांवरचा वादक. त्याच्या हाती आल्यावर ही रचना एका अर्थाने आपल्या घरी परतते, असे मला वाटते.

अल्बमचा आरंभच पाहा. एका चित्राकडून दुसऱ्याकडे चालत जाणाऱ्या प्रेक्षकाची सुरावट, म्हणजे ‘प्रोमेनाड’, एमर्सन त्या सभागृहातल्याच भव्य पाइप ऑर्गनवर एकट्याने वाजवतो. पाच आणि सहा मात्रांची आवर्तने आलटून पालटून येत असल्यामुळे ही चाल सरळ कवायतीची होत नाही. त्यानंतर कार्ल पामरचा ड्रमचा लांब गडगडाट येतो. त्यामागचे कारण अगदी व्यावहारिक आहे: तेवढ्या वेळात एमर्सनला ऑर्गनपासून रंगमंचावरच्या आपल्या वाद्यांपर्यंत पोहोचायचे असते. तरीही त्या गडगडाटातून वाकड्या पायांचा बुटका, ‘द नोम’, अंगावर येतो तेव्हा तो मुद्दाम रचलेला प्रवेशच वाटतो.

मूळ रचनेतल्या दहा चित्रांपैकी या तिघांनी चारच घेतली आणि मोकळ्या जागी आपले काही घातले. मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती ग्रेग लेकची ‘द सेज’ ही ध्वनिक गिटारवरची संथ रचना. मुसोर्ग्स्कीच्या ‘जुन्या किल्ल्या’समोर एक मध्ययुगीन गायक उभा आहे, आणि राव्हेलने त्याचे गाणे सॅक्सोफोनला दिले होते. येथे ‘द ओल्ड कॅसल’ या नावाखाली सिंथेसायझर आणि ड्रम यांची वेगवान धुमश्चक्री ऐकू येते; किल्ल्यासमोरच्या त्या गायकाला मात्र लेकने आधीच, आपल्या शब्दांत आणि सुरांत, गाऊन घेतलेले असते. मूळ रचना अशा रीतीने उलगडून पुन्हा जुळवायची, तर ती आतून माहीत असावी लागते. त्यानंतरचे ‘ब्लूज व्हेरिएशन’ मात्र मला लांबलेले वाटते. तो उत्साह सभागृहात बसलेल्यांसाठी होता.

बाबा यागाच्या, म्हणजे रशियन लोककथांतल्या चेटकिणीच्या, झोपडीतला थरार ओसरल्यावर ‘द ग्रेट गेट्स ऑफ कीव्ह’ येते. दुसरा झार अलेक्झांडर १८६६ मध्ये हत्येच्या प्रयत्नातून वाचला, त्याच्या स्मरणार्थ हार्टमानने या प्रवेशद्वाराचा आराखडा केला होता. ते कधी बांधलेच गेले नाही. न बांधलेल्या दाराला लेक शब्द देतो, मध्येच एमर्सन विजेवर चालणाऱ्या हॅमंड ऑर्गनची अक्षरशः ओढाताण करून त्यातून किंचाळ्या काढतो, आणि त्या कल्लोळातून ती भव्य सुरावट पुन्हा वर येते. वाद्यवृंदाची भव्यता संख्येतून येते. येथे तिघेच आहेत आणि त्यांना ती दमछाक करून मिळवावी लागते. ती दमछाक ऐकू येते, म्हणूनच मला हा शेवट राव्हेलच्या शेवटाइतकाच भिडतो.

त्यानंतर श्रोत्यांच्या आग्रहाखातर ‘नटरॉकर’ वाजते. चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’ या बॅलेमधल्या मार्चचे हे खट्याळ रॉक रूप १९६२ मध्येच इंग्लंडमध्ये लोकप्रिय झाले होते. वादन चोख आहे, पण मी बहुधा कीव्हच्या दारापाशीच रेकॉर्ड थांबवतो.