रेस्क्यू शिकायचंय म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी

ऊसतोड सुरू झाली, उसात बिबट्याची पिल्लं सापडायला लागली की मला मेसेज यायला लागतात. ताई मला पण वन्यप्राण्यांचं रेस्क्यू करायचंय, कोर्स कुठे असतो, किती दिवसांचा असतो, सर्टिफिकेट मिळतं का. विचारणारे कुणी कॉलेजचे असतात, कुणी एमआयडीसीत शिफ्टला जाणारे, आणि आता बऱ्याच मुलीही विचारतात याचा मला फार आनंद होतो. प्रत्येकाला वेगवेगळं टाईप करण्यापेक्षा म्हटलं इथेच एकदा सविस्तर लिहावं.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की पकडणं आणि बरं करून परत सोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. पकडणं दिसतं, त्याचे व्हिडिओ होतात, लोक जमतात. त्यानंतर तो प्राणी पिंजऱ्यात तीन आठवडे असतो, दर तीन तासांनी फीड, रोज वजन, रोज साफसफाई, आणि या सगळ्यात त्याला माणसाची सवय लागू द्यायची नाही, ते काम कुणाला दिसत नाही. रिहॅब म्हणतात ते हे. आपल्याकडे साप पकडणारे गावोगाव तयार झालेत पण हे दुसरं काम येणारी माणसं फार थोडी आहेत, आणि ते नुसत्या प्रेमाने येत नाही, कुणीतरी हाताला धरून शिकवावं लागतं.

कायद्याचं पटकन सांगते. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, त्यातल्या कलम 39 प्रमाणे वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता असते आणि तो तुमच्या ताब्यात आला तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा वनविभागाच्या अधिकाऱ्याला कळवावंच लागतं. म्हणजे घरी ठेवून "बरं झालं की सोडू" हे चालत नाही, हेतू कितीही चांगला असला तरी. महाराष्ट्रात वनविभागाची हेल्पलाईन 1926 आहे, ती फोनमध्ये सेव्ह करा. आणि औषधोपचार फक्त रजिस्टर्ड व्हेटने, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरने करायचे. आपण त्यांचे हात-पाय.

आता ट्रेनिंगमध्ये नक्की काय शिकवतात ते सांगते, कारण बहुतेकांना वाटतं की जाळं कसं टाकायचं, पिंजरा कसा लावायचा तेच असेल. मी जिथे पहिल्यांदा शिकले तिथे डॉक्टरांनी टेबलावर एक मेलेली घार ठेवली, मांजात अडकून आलेली, वाचली नव्हती. तिची चोच उघडून त्यांनी आम्हाला जिभेच्या मुळाशी एक बारीक फट दाखवली आणि म्हणाले ही श्वासनलिका, आता विचार करा तुम्ही ड्रॉपरने पाणी सोडलं तर ते कुठे जाणार. सगळे गप्प. कारण दमलेला पक्षी दिसला की चोचीत पाणी सोडायचं हे आपल्याकडे प्रत्येक घरात करतात, संक्रांतीला तर गल्लीगल्लीत, आणि ते पाणी फुप्फुसात जातं आणि पक्षी रात्रीत जातो आणि लोक म्हणतात बिचारा जखमेने गेला. क्रम असा की आधी ऊब, मग अंगात पाणी (तेही डॉक्टर सांगतील तसं) आणि सगळ्यात शेवटी खाणं. गारठलेल्या पिल्लाच्या पोटात अन्न गेलं तर ते पचतच नाही. त्यामुळे तुम्ही घरी करायचं ते एवढंच, पुठ्ठ्याचा खोका, भोकं पाडलेली, आत जुनं सुती कापड, अंधार, शांतता, आणि फोन.

दुसरी गोष्ट घुबडांची. गव्हाणी घुबडाची पिल्लं आमच्याकडे जुन्या वाड्यांतून, सायलोंतून, बंद पडलेल्या बिल्डिंगांतून येतात. लोक प्रेमाने त्यांना बोनलेस चिकन भरवतात, महागाचं, स्वच्छ धुतलेलं. पिल्लू खातं, गुटगुटीत दिसतं, आणि काही आठवड्यांत त्याचे पाय वाकतात कारण हाडंच नसतील तर कॅल्शियम येणार कुठून. घुबड अख्खा उंदीर गिळतं, हाडं, केस, सगळं, आणि नंतर न पचलेलं गोळी करून तोंडावाटे टाकतं, त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. असं वाकलेल्या पायांचं पिल्लू पुन्हा कधी शिकार करू शकत नाही. भरवणाऱ्याला दोष द्यावासा मला वाटत नाही, त्याला सांगणारंच कुणी नव्हतं. पण म्हणूनच मी ट्रेनिंग ट्रेनिंग करत बसते.

आणि वजन! ग्रॅममध्ये दाखवणारा छोटा काटा, किचनमध्ये वापरतात तो, रोज एकाच वेळी, फीडच्या आधी, वहीत नोंद. पिल्लू वरून छान दिसतं आणि वजन दोन दिवस उतरतंय म्हणजे आत काहीतरी बिघडलंय, डोळ्यांना ते खूप उशिरा कळतं. वहीत आणखी एक रकाना मी सगळ्यांना आवर्जून भरायला लावते, प्राणी नक्की कुठे सापडला, गाव, वस्ती, कुणाचं शेत, जमलं तर लोकेशन पिन. हे नसेल तर तो बरा झाल्यावर सोडायचा कुठे? "हायवेजवळ सापडला" अशी नोंद असलेल्या प्राण्याचं घर आपण कायमचं हरवून टाकतो.

आता उसाकडे येते, कारण आमच्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात नोव्हेंबर ते मार्च खरं काम तिथे असतं. बिबट्याची मादी उसातच विते. फड (तोड चालू असलेलं उसाचं शेत) शेवटाला आला की पाचटात, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्यात, पिल्लं दिसतात, तोडणाऱ्यांची टोळी घाबरून कोयते टाकून बाहेर येते, मुकादम शेतमालकाला फोन करतो, दहा मिनिटांत अख्खं गाव आणि पन्नास मोबाईल. बाहेरच्यांना वाटतं बिबट्या जंगलातून भरकटून आला, पण वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात कॅमेरे लावून अभ्यास केला, 2013 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात शेतीच्या भागात दर 100 चौरस किलोमीटरला साधारण पाच पूर्ण वाढीचे बिबटे निघाले. म्हणजे ही पिल्लं तिथलीच आहेत आणि त्यांची आई तिथेच कुठेतरी बाजूच्या उसात बसलेली असते. दिवसा एवढ्या माणसांत ती कशी येईल.

अशा वेळी पिल्लं उचलून सेंटरला नेणं हा शेवटचा पर्याय, पहिला नव्हे. वनविभागाची टीम येते, डॉक्टर पिल्लं तपासतात, नर-मादी, वजन, जखम आहे का, अंगात पाणी कमी झालंय का, आणि सगळं ठीक असेल तर संध्याकाळी त्याच जागी, शक्यतो जिथे सापडली त्या सरीतच, क्रेटमध्ये ठेवतात. कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावतात. मग सगळ्यात अवघड काम, माणसं हटवणं. मी एका वस्तीवर बघितलंय, वनरक्षक मॅडम एकेका घरी जाऊन हात जोडून सांगत होत्या की आज रात्री या बाजूला बॅटरी मारू नका, टीव्ही बारीक ठेवा, कुत्रं बांधा. गावाने ऐकलं. मध्यरात्रीच्या आधीच मादी आली, क्रेटभोवती दोन चकरा मारल्या, पंजाने क्रेट आडवा केला, एकाला मानेला धरून घेऊन गेली आणि थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी परत आली. पहिल्या रात्री येतेच असं नाही, मग दिवसभर पिल्लं सांभाळून दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवावी लागतात, धीर लागतो. पण हाताने वाढवलेला बिबट्या जंगलात सोडता येणं जवळपास अशक्य असतं, पुढची सगळी वर्षं त्याला पिंजऱ्यात काढावी लागतात, त्यामुळे त्या रात्री जागण्याला काय किंमत आहे ते समजा.

आणि एक, उसात सापडलेलं प्रत्येक ठिपकेवालं पिल्लू बिबट्याचं नसतं. वाघाटी नावाची एवढीशी रानमांजर असते, जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी एक, पूर्ण वाढलेलीसुद्धा दीड किलोच्या आतबाहेर. तिची पिल्लं तळहातावर मावतात. बिबट्याचं पिल्लू जन्मतःच अर्ध्या किलोच्या आसपास असतं, पंजे जाड, अंग करडं. वाघाटीच्या पिल्लांनाही तसंच आईकडे परत द्यायचं असतं, पण बिबट्या समजून गावात दहशत बसते किंवा मांजर समजून कुणीतरी घरी नेऊन गाईचं दूध पाजतं, तेही उताणं धरून. पिल्लाला जुलाब लागतात, दूध श्वासात जातं. भरवताना पिल्लू पोटावर हवं, आईजवळ असतं तसं, आणि दूध मांजराच्या पिल्लांसाठी मिळतं ते मिल्क रिप्लेसर. तेही डॉक्टरला विचारून.

हे सगळं शिकायचं कुठे? आपल्या राज्यात नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर (जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करून त्यांना परत सोडणारं केंद्र) आहे, पुण्यात बावधनला वनविभाग आणि रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट मिळून तसंच सेंटर चालवतात, जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठीचं केंद्र वाईल्डलाईफ एसओएस ही संस्था वनविभागाबरोबर बघते. व्हेट असाल तर नागपूरचं गोरेवाड्याचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आणि डेहराडूनची वाईल्डलाईफ इन्स्टिट्यूट यांच्याकडे लक्ष ठेवा. देशात बघायचं तर काझीरंगाजवळचं सेंटर, 2002 पासून आसाम वनविभाग आणि डब्ल्यूटीआय (वाईल्डलाईफ ट्रस्ट ऑफ इंडिया) वगैरे मिळून चालवतात, पुरात आईपासून तुटलेली गेंड्याची पिल्लं वाढवून त्यांनी आसाममधल्याच मानस राष्ट्रीय उद्यानात परत सोडलीत. बाहेर अमेरिकेत आयडब्ल्यूआरसी (इंटरनॅशनल वाईल्डलाईफ रिहॅबिलिटेशन कौन्सिल) ही संस्था 1972 पासून आहे आणि एनडब्ल्यूआरए (नॅशनल वाईल्डलाईफ रिहॅबिलिटेटर्स असोसिएशन) 1982 पासून, दोघांनी मिळून या कामाचे किमान निकष लिहून काढलेत, पिंजरा केवढा हवा, कुणाला कुणाशेजारी ठेवायचं नाही, सगळं. आयडब्ल्यूआरसीचे ऑनलाईन कोर्स आहेत, परीक्षा आहे, आणि सर्टिफिकेट टिकवायचं तर शिकत राहावं लागतं. इंग्रजीत आहे, फी पण आहे, प्राणी बरेचसे तिकडचे आहेत, तरीही बेसिक पक्कं होतं. माझा सल्ला असा की आधी जवळच्या सेंटरला व्हॉलंटियर म्हणून जा आणि पिंजरे धुवा, भांडी घासा, वजनं लिहा. महिनाभर ते केलंत की तुम्हाला स्वतःलाच कळेल हे काम आपलं आहे की नाही.

कोर्सइतकीच गरजेची आहे ओळखपाळख. तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर गाई-म्हशींत तरबेज असतात पण घुबडाचा पंख बांधायची वेळ त्यांच्यावर कितीदा येते? तेव्हा त्यांना व्हिडिओ कॉलवर पुण्या-नागपूरचा वाईल्डलाईफ व्हेट जोडून देता आला पाहिजे. मी हे होताना बघितलंय, आमचे डॉक्टर टेबलाशी, तिकडून दुसरे डॉक्टर "अजून वर घ्या, आता शरीराभोवती एक वेढा" असं सांगतायत, आणि ते शृंगी घुबड नंतर उडालं. हे तेव्हाच होतं जेव्हा नंबर आधीपासून असतो आणि समोरचा तुम्हाला ओळखत असतो.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र कामाचा ठेवा. अर्जंट मेसेजमध्ये कोणता प्राणी, जागा, वेळ, काय दिसतंय, आत्तापर्यंत काय केलंय आणि एक स्पष्ट फोटो, बास. गुड मॉर्निंग नको, प्राण्यासोबतचे सेल्फी तर अजिबात नकोत. आणि माझं कळकळीचं म्हणणं आहे की जे प्राणी गेले त्यांचं पण लिहा. आपण सगळे सोडतानाचे व्हिडिओ टाकतो, मेलेल्यांबद्दल कुणीच बोलत नाही, त्यामुळे एका तालुक्यात जी चूक कळली तीच शेजारच्या तालुक्यात पुन्हा होत राहते. हरणांचं उदाहरण घ्या, विहिरीतून चितळ व्यवस्थित बाहेर काढलं, जखम नाही, आणि एक-दोन दिवसांनी गेलं. भीतीने आणि धडपडीने स्नायू फुटतात, त्याचा भार किडनीवर येतो, कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. ज्याला हे माहीत आहे तो आधी डोळ्यांवर कापड टाकतो, गर्दी गप्प करतो आणि हात कमीत कमी लावतो. ते "माझा एरिया, तुझा एरिया" पण सोडा आता, एका कॉलवरून दोन टीम भांडत उभ्या आणि क्रेटमध्ये कोल्हा धापा टाकतोय हे मी पाहिलंय आणि मला अजून त्याचा राग येतो.

स्वतःचं पण बघा. रेबीजची लस आधीच घेऊन ठेवा, चावेपर्यंत थांबायचं नाही (आधी घेतली असली तरी चावलं तर डॉक्टरकडे जायचंच). कुत्र्यांचंही काम करत असाल तर त्याच कपड्यांनी, त्याच ग्लोव्ह्जनी बिबट्याच्या पिल्लाला हात लावू नका. 2018 मध्ये गीरमध्ये सिंह गेले त्यात कॅनाईन डिस्टेंपर सापडला होता, हा कुत्र्यांमधला रोग मोठ्या मांजरांनाही होतो.

यंदा माझी एक इच्छा आहे आणि त्यासाठी मी आमच्या भागात लोकांना भेटतेय. कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आधी, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी म्हणा, प्रत्येक तालुक्यात एक दिवस असा व्हावा की वनपाल, वनरक्षक, पशुधन विकास अधिकारी, सर्पमित्र, कारखान्याचे शेतकी विभागातले लोक एका खोलीत बसतील आणि टोळ्या आल्या की लगेच मुकादमांना तेच सगळं सांगतील. तीन तासांचं काम आहे. पिल्लं दिसली की फड तिथेच थांबवायचा, हात लावायचा नाही, 1926 ला फोन, आणि त्या दिवसाची तोड दुसऱ्या बाजूला वळवायची. तोड थांबली तर टोळीची मजुरी बुडते, म्हणून दुसरा फड लगेच देण्याचं कारखान्याने आधीच ठरवून ठेवायला हवं, नाहीतर मुकादम फोन करणारच नाही आणि त्याचंही चूक नाही. तुमच्या तालुक्यात कारखान्यात किंवा वनविभागात कुणी ओळखीचं असेल तर आत्तापासून बोलायला लागा, शिकवायला यायला मी आणि आमचे डॉक्टर तयार आहोत.