मोड वाढले, गाडी भरेना

अंबाजोगाईच्या स्टँडबाहेर लातूरची काळी-पिवळी लागलेली असते. दहा सीट भरल्याशिवाय ड्रायव्हर चावी फिरवत नाही. समजा उद्या त्याच जागी तीन गाड्या लागल्या: एक थेट, एक गावं घेत जाणारी, एक एसी. माणसं तेवढीच. मग तिन्ही गाड्यांत तीन-तीन, चार-चार जण बसून राहतात. काही जण कंटाळून एसटी धरतात, काही घरी परततात. प्रवाशांची सोय वाढवली म्हणून बोर्ड लावलेला असतो, आणि दुपारपर्यंत एकही गाडी हललेली नसते.

ऑनलाइन शूटर गेममध्ये नवी प्लेलिस्ट (म्हणजे खेळायच्या एका प्रकाराची, मोडची, वेगळी रांग) आली की नेमकं हेच होतं. तरी बहुतेक चर्चा 'गेम मेला' किंवा 'गेममध्ये लाखो लोक आहेत, रांग कशी लागेल' या दोन टोकांवर अडकते. जगभरचा आकडा तुमच्या कामाचा नसतो. रात्री साडेअकराला मुंबई सर्व्हरवर, तुमच्या मोडमध्ये, तुमच्या रँकच्या (कौशल्याच्या पायरीच्या) आसपास, मॅच संपवून आत्ता रांगेत आलेली माणसं किती, एवढ्यावर सगळं ठरतं.

हिशोब करून बघू. आकडे मानलेले आहेत, रीत खरी आहे. एका प्लेलिस्टमध्ये एका वेळी ६०० जण आहेत. मॅच ३० मिनिटांची, मेनू आणि वाट पाहणं धरून ३२. म्हणजे दर मिनिटाला ६०० भागिले ३२, साधारण १९ जण रांगेत येतात. रँकचे सहा सारखे गट धरले तर एका गटात मिनिटाला तीन. ५ विरुद्ध ५ ला दहा माणसं लागतात, म्हणजे सव्वातीन मिनिटं. चालतंय. आता कंपनीनं एक नवा झटपट मोड आणला आणि २०० जण तिकडं गेले. इकडं ४०० उरले, मिनिटाला साडेबारा, गटात दोन. रांग पाच मिनिटांवर गेली. मधल्या रँकवाल्याला फक्त 'आज जरा स्लो आहे' एवढंच वाटतं.

खरा मार वरच्या रँकला बसतो, कारण गट सारखे नसतातच. सगळ्यात वर तीन टक्के लोक असतील तर ६०० पैकी १८. त्यातले दहा एका मॅचमध्ये बसले की उरले आठ. आठ जणांत दुसरी मॅच लागत नाही. पहिली संपेपर्यंत ते आठ जण स्क्रीनकडं बघत बसणार, नाहीतर सिस्टिम खालच्या रँकची दोन माणसं ओढून आणणार. प्लेलिस्ट फुटून १८ चे १२ झाले तर एक मॅच चालू आणि दोघं बाहेर. ओढून आणलेली खालची माणसं बेदम मार खातात, पुढच्या वेळी तो मोडच लावत नाहीत, आणि गळती वरून खाली सरकत जाते. म्हणून एखादा मोड आटायला लागला की पहिली ओरड टॉप रँकवाल्यांची येते. लोक त्यांना रडके म्हणतात, पण रडगाणं हिशोबाला धरून असतं.

आता गंमत अशी की तो नवा झटपट मोड मात्र मजेत चालतो. तिथं २०० च जण आहेत, पण मॅच दहा मिनिटांची. २०० भागिले १२ म्हणजे मिनिटाला सतराच्या आसपास, ६०० जणांच्या मोठ्या मोडच्या जवळपास आवक. छोटी मॅच माणसाला लवकर रांगेत परत आणते, त्यामुळे कमी गर्दीतही जिवंत राहते. व्हॅलोरंट या शूटर गेममध्ये स्विफ्टप्ले (झटपट मोड) आलं, २०२२ च्या डिसेंबरात आधी चाचणीसाठी आणि मग कायमचं, तेव्हा रांगेच्या बाजूनं ते सोपं काम होतं: पाच राउंड जिंकले की मॅच संपली. तिथं रांग दोन मिनिटांची दिसते म्हणून तो मोड मोठ्या मोडपेक्षा लोकप्रिय आहे असं समजू नका. रांगेची लांबी बघताना मॅचची लांबी सोबत धरायलाच लागते.

बॅटल रॉयलमध्ये, म्हणजे शेवटी उरेल तो जिंकला या प्रकारात, याला एक पीळ आहे. बीजीएमआयच्या (पबजी मोबाइलची भारतातली आवृत्ती) एरँगल मॅपवरची मॅच अर्ध्या तासाची, पण तिथल्या पोचिंकी गावात उतरून दोन मिनिटांत आडवा झालेला माणूस लगेच पुन्हा रांगेत असतो. त्यामुळे शंभर जणांची लॉबी वाटते तितकी अवघड जात नाही. मरणारे लवकर मरतात, हे रांगेच्या पथ्यावर पडतं.

बीजीएमआय आपल्याकडं भरपूर खेळतात, तर त्याचंच उघडून बघू. टीपीपी (आपला खेळाडू मागून दिसतो) आणि एफपीपी (त्याच्याच डोळ्यांतून दिसतं) या वेगळ्या रांगा. सोलो (एकटा), ड्युओ (जोडी), स्क्वॉड (चौघं) वेगळ्या. दोन गुणिले तीन, सहा. क्लासिकमध्ये पाच मॅप धरले तर तीस. त्यावर ब्राँझपासून काँकररपर्यंत आठ टियर, म्हणजे रँकच्या पायऱ्या. सिस्टिम शेजारचे टियर एकत्र घेते म्हणून निभावतं, नाहीतर २४० डबे झाले असते. त्यात मॅप वेगळे डाउनलोड करावे लागतात, हा मुद्दा फारसा कुणी धरत नाही. ६४ जीबीच्या फोनमध्ये लग्नाचे फोटो, व्हॉट्सॲपचे व्हिडिओ आणि गेम असं सगळं कोंबलेलं असेल तर माणूस एरँगल आणि लिविक ठेवतो, बाकीचे मॅप उडवतो. नवा अपडेट मोठा आला की आणखी एक मॅप उडतो. म्हणजे प्लेलिस्टमध्ये काहीही न बदलता, नुसत्या फाइलच्या वजनानं मिरामारची रांग पातळ होते. लिविक टिकतं कारण तिथं ५२ च माणसं लागतात आणि मॅच पंधरा मिनिटांत उरकते.

मग स्क्वॉडमध्ये हे ऐकू येतं:

"आरं, मॅच लागंना गेलीय. दीड मिनिट झालं."

"सान्होक कुणी टिक केलाय? काढ की भावा. एफपीपी हाय का बघ."

इथं उलटं करायला पाहिजे. सान्होक काढायचा नाही, सोबत एरँगलपण टिक करायचा. जितके मॅप टिक, तितक्या रांगांत एकाच वेळी उभे. एफपीपीबद्दल मात्र दुसरा बरोबर बोलला, ती रांगच वेगळी.

प्लेलिस्ट काढून टाकली तर माणसं दुसरीकडं जातात, ही कंपन्यांची आवडती समजूत. अर्धीच खरी. एपेक्स लेजंड्सनं मे २०२४ मध्ये ड्युओज काढून त्या जागी सहा आठवड्यांसाठी सोलोज ठेवलं. रांगांची संख्या वाढू न देता नवं द्यायचं, विचार बरोबर. पण दोघंच मित्र खेळत होते त्यांचं काय? सोलोत गेले तर जोडी फुटते, ट्रायोजमध्ये (तिघांच्या मोडमध्ये) गेले तर तिसरा अनोळखी गळ्यात. जोडी एकत्र खेळायला मिळते म्हणूनच जे येत होते, ते दुसऱ्या डब्यात बसत नाहीत, उतरतात. फोर्टनाइटनं याच्या उलट केलं: २० मार्च २०२२ ला खेळताना भिंती-जिने उभे करायचं बांधकाम बंद केलं, आणि २९ मार्चला बांधकाम परत आणताना झिरो बिल्ड (बिनबांधकामाचा खेळ) वेगळ्या प्लेलिस्टमध्ये कायम ठेवलं. लोकसंख्या सरळ दोन भागांत कापली. त्यांना ते परवडलं, कारण माणसं अफाट आहेत आणि कमी पडली तर लॉबीत बॉट (कॉम्प्युटरनं चालवलेले खेळाडू) भरायची सोय २०१९ पासून आहे. हे बघून छोट्या गेमनं नक्कल केली तर हात पोळतात.

हेलो इन्फिनिटची चूक तिसऱ्याच प्रकारची. १५ नोव्हेंबर २०२१ ला मल्टिप्लेअर आलं तेव्हा मोजून चार प्लेलिस्ट होत्या: क्विक प्ले, बिग टीम बॅटल, रँक्ड आणि बॉटवाली सरावाची. रांगा भरलेल्या, हिशोबानं आदर्श. पण साधं स्लेयर (नुसतं एकमेकांना मारायचा मोड) निवडायची सोय नाही, आणि बॅटल पास (बक्षिसांची शिडी) पुढं सरकवणारी चॅलेंजेस मात्र 'अमुक मोडमध्ये अमुक करा' अशी. क्विक प्ले लावायचं, नको तो मोड आला की बाहेर पडायचं, पुन्हा लावायचं. रांग वेगानं भरत होती आणि मॅचेस अर्ध्या मोकळ्या चालल्या होत्या. १४ डिसेंबरला स्लेयर, फिएस्टा, एफएफए (प्रत्येक जण एकटा), टॅक्टिकल स्लेयर अशा चार प्लेलिस्ट वाढवल्या. तेव्हा रांगा कमी ठेवल्या म्हणजे झालं असं नाही. माणसाला हवं ते पानात नसेल तर तो ताट सरकवून उठतो, आणि त्याच्याबरोबर जेवणाऱ्या बाकीच्यांचाही बेत बिघडतो.

टीम फोर्ट्रेस २ चं ७ जुलै २०१६ चं अपडेट याहून कडू. जुनं क्विकप्ले काढून कॅज्युअल मॅचमेकिंग आणलं. क्विकप्लेमध्ये चालू सर्व्हरमध्ये एकेक माणूस सोडला जायचा, जागा असली की आत. त्याऐवजी २४ जण जमवून मॅच सुरू करायची पद्धत आली, आणि सुरुवातीला लोक ताटकळत बसले. शिवाय क्विकप्लेच्या वाटेनं सामुदायिक (खेळाडूंनीच चालवलेल्या) सर्व्हरना जी माणसं मिळायची ती थांबली. चालत्या एसटीत हात दाखवून चढणं आणि गाडी भरायची वाट बघणं यातला हा फरक. कमी लोकसंख्येच्या प्रदेशात पहिली रीत कधीही बरी, असं माझं मत आहे.

रोल क्यूचं, म्हणजे आधी भूमिका निवडून रांगेत उभं राहण्याचं, गणित वेगळं, कारण तिथं माणसं असूनही मॅच लागत नाही. ओव्हरवॉचनं २०१९ च्या ऑगस्टमध्ये २-२-२ आणलं: एका बाजूला दोन टँक (मार झेलणारे), दोन डॅमेज (मारणारे), दोन सपोर्ट (साथीदारांना सावरणारे). समजा मिनिटाला १०० जण येतात: ५० डॅमेजवाले, ३० सपोर्ट, २० टँक. एका मॅचला दोन्ही बाजू मिळून चार टँक लागतात, म्हणजे मिनिटाला पाचच मॅच. त्यात वीस डॅमेजवाले खपले, तीस साचले. दर मिनिटाला तीस. ४ ऑक्टोबर २०२२ ला ओव्हरवॉच २ नं ५ विरुद्ध ५ करून एका बाजूला एकच टँक ठेवला. याच आकड्यांत आता टँक दहा मॅचला पुरतात, पण दहा मॅचला ४० सपोर्ट लागतात आणि आलेत ३०. साडेसातच मॅच. अडचण संपली नाही, टँकवरून उठून सपोर्टवर जाऊन बसली.

रांग लांबली की सिस्टिम दोनच ठिकाणी सैल सोडते: रँकचा फरक आणि पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद). काचेच्या तंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो, येणं-जाणं धरलं तर दर १०० किलोमीटरला एक मिलिसेकंद. लातूरहून मुंबईला तत्त्वानं पाच-सहा लागावेत. स्क्रीनवर ३० दिसत असतील तर वरचे सगळे वळणावळणाच्या मार्गाचे, केबलवाल्याचे आणि वायफायचे. सिंगापूर मुंबईपासूनच ३,९०० किलोमीटर, म्हणजे ३९ च्या खाली जगात कुणीही आणू शकत नाही. मॅच एकदम ८० पिंगवर लागली तर राउटर बदलायच्या आधी सर्व्हरचं नाव बघा. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये कमाल पिंगची मर्यादा स्वतः ठरवता येते. ती कुणीतरी सांगितलं म्हणून ५० वर ठेवलेली असते, आणि मग रात्री एक वाजता रांग हलत नाही. उशिरा खेळताना ती ८०-९० वर न्या. रँक सैल करण्याबाबत ॲक्टिव्हिजननं जुलै २०२४ मध्ये कॉल ऑफ ड्यूटीच्या चाचणीचे आकडे छापले: कौशल्याचा विचार कमी केल्यावर ९० टक्के खेळाडूंचं परत येणं घटलं. आकडे कंपनीचेच आहेत हे लक्षात ठेवून वाचा, पण वर मांडलेल्या गळतीशी ते जुळतात.

तुमच्या मोडमध्ये माणसं किती हे घरबसल्या मोजता येतं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचे आलेख संपूर्ण गेमचा जगभरचा आकडा देतात, मोड किंवा प्रदेश सांगत नाहीत. व्हॅलोरंट तर स्टीमवर नाहीच. त्याऐवजी तळ्यातले मासे मोजतात तसं करा: काही पकडून खूण करायची, सोडायचे, पुन्हा जाळं टाकायचं, खुणेचे किती सापडले ते बघायचं. पहिल्या रात्री नऊ ते बारा पाच मॅच खेळा आणि प्रत्येक स्कोअरबोर्डचा स्क्रीनशॉट घ्या. स्वतःला सोडून नऊ जण, पाच मॅचमध्ये ४५ नावं. दुसऱ्या रात्री त्याच वेळेत तेच. दोन्ही याद्यांत नऊ नावं सारखी निघाली तर ४५ गुणिले ४५ भागिले ९, म्हणजे त्या वेळेला तुमच्या पट्ट्यात सुमारे २२५ माणसं फिरतायत. अपडेटनंतर सारखी नावं वीस झाली तर उरले शंभर.

यात चुकायच्या जागा ठरलेल्या आहेत. चौघं पार्टी करून (गट बांधून एकत्र रांगेत येऊन) फिरत असतील तर त्यांची चार नावं एकच धरा. नाव लपवून खेळणारे वगळा. स्वतःची रँक मधेच चढली असेल तर दोन याद्या वेगळ्या तळ्यांतल्या झाल्या, फेकून द्या. अपडेटनंतरचे पहिले दोन आठवडे मोजूच नका, तेव्हा नवा मोड चाखायला सगळेच येतात. तिसऱ्या आठवड्यात मोजा. आणि फेब्रुवारी ते मेची सुरुवात टाळा. बारावी आणि नीटच्या दिवसांत लातूर-नांदेडच्या किती खोल्यांत फोन कपाटात जातात हे माहीत असताना त्याचं खापर प्लेलिस्टवर फोडण्यात अर्थ नाही. गणपतीच्या दहा दिवसांचंही तेच.

पार्टीचा आकारही रांगेत मोजला जातो. व्हॅलोरंटच्या कॉम्पिटिटिव्हमध्ये (रँकच्या मोडमध्ये) चौघांची पार्टी घेतच नाहीत, कारण पाचवा एकटा त्यांच्या तावडीत सापडतो. तिघांपर्यंत किंवा थेट पाच. पाच जण जमवले तर समोरही पाचांची पार्टी शोधली जाते, आणि पातळ वेळेला ती सापडायला जास्त मिनिटं लागतात. रात्री बारानंतर पाच जण असाल तर तीन आणि दोन असे फुटा, गाडी लवकर हलेल.