हिशेबाची वही

शिष्यवृत्तीच्या मुलाखतींचा तिसरा दिवस. त्या मुलीच्या अर्जावर मी सकाळीच पेन्सिलीने 'नाही' लिहून ठेवलं होतं. गणिताचे निम्म्याहून जास्त प्रश्न चुकलेले, 'छंद' या रकान्यात काहीच नाही. वर्गशिक्षिकेने शिफारशीत एवढंच लिहिलं होतं : 'हिला बोलतं करा.' त्या एका ओळीपायी तिला बोलावलं.

ती आईबरोबर आली. आई ठेकेदाराकडून कपडे घरी आणून काज-बटणं करते, मजुरी नगावर. छंदांबद्दल विचारलं तर मुलगी गप्प. मग म्हटलं, "घरी काय करतेस गं?"

"हिशेब ठेवते."

दप्तरातून वही निघाली. तारीख, नग, दर, परत आलेले नग, उचल, आणि प्रत्येक पानाखाली ठेकेदाराची सही. "मागे त्यांनी ४८ नग कमी धरले होते," ती म्हणाली. "मी वही दाखवली."

मी तिची उत्तरपत्रिका काढली. ३५ गुणिले ७ समोर तिने २१३५ लिहिलं होतं. हातचा न घेता दोन्ही गुणाकार शेजारी शेजारी मांडलेले. तेच गणित मी बटणांत घातलं : एका नगाला ७ बटणं, ३५ नगांना किती?

"२४५."

"कसं केलंस?"

"७० नगांना ४९० लागतात. त्याची निम्मी."

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. रस्त्यावर माल विकणाऱ्या ५ मुलांना संशोधकांनी गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारले, तेव्हा सुमारे ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तशीच गणितं नुसत्या आकड्यांत मांडून दिली, तर जेमतेम ३७ टक्के. नव्या परीक्षकांना हे मीच शिकवते. आणि त्या सकाळी पेन्सिल माझ्याच हातात होती. याचं मला अजून वाईट वाटतं.

माझे सहकारी म्हणाले, "हिच्यासाठी नियम वाकवला, तर बाकीच्या नापास मुलांचं काय?" त्यांचं बरोबर होतं. म्हणून शिफारस असूनही लेखीत गळालेल्या सगळ्या मुलांची तोंडी परीक्षा घ्यायचं ठरलं. दोन दिवस जास्त लागले. आणखी तिघं सापडली.

खरी अडचण पुढेच होती. आई म्हणाली, "ही वसतिगृहात गेली तर माझा हिशेब कोण बघणार, मॅडम?" अशा बोलण्याला आम्ही 'पालकांची अनास्था' असा शेरा मारून मोकळे होतो. पण त्या वहीने त्या घराचे ४८ नग वाचवले होते. मुलगी गेली की घराचं उत्पन्न खरंच घटणार होतं, आणि आमची मदत फक्त फी, पुस्तकं आणि वसतिगृहाच्या खर्चापुरती. शेवटी वसतिगृहाचा हट्ट सोडला. शाळा घरापासूनच, दुपारी शिकवणी, आणि वसतिगृहाला लागले असते ते पैसे दरमहा आईच्या हातात.

निघताना मुलीने विचारलं, "एका वर्षी नापास झाले तर पैसे बंद?"

नियम तसाच होता. समितीतले आम्ही सगळे तिथेच बसलेलो. दहा मिनिटं बोललो आणि एका नापासाची सूट सगळ्याच मुलांना द्यायचं ठरवलं. तिला तसं सांगितलं.

तिने वही उघडली, तारीख घातली, माझं वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि वही माझ्याकडे सरकवली.

"इथं सही करा, मॅडम."