गुरुजी किती वाजता येणार?

डोंबिवलीतल्या एका काकूंकडे मी मोदकांच्या ऑर्डरींची वही सांभाळते. सारण आदल्या रात्री करून ठेवता येतं. उकड मात्र सकाळीच काढायची, तीही थोडी थोडी. गार झाली की पारीला चिरा पडतात. म्हणून काकू ऑर्डरी मोजत नाहीत, हात मोजतात. हात बसलेली बाई तासाला चाळीसेक मोदक वळते. दहा बायका, पहाटे पाच ते अकरा, झाले 2400. एकवीसच्या डब्याने 114. काकू 110 ला वही मिटतात.

2024 ची चतुर्थी शनिवारी आली, 7 सप्टेंबरला. काकूंचा मुलगा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. त्याने परस्पर 140 डबे घेतले. "आई, कामं वाटून दे. एकीने नुसत्या पाऱ्या, दुसरीने सारण, तिसरीने कळ्या. बघ कसा उरक वाढतो!"

सहाच्या सुमारास पहिलं मोदकपात्र उघडलं. निम्मे मोदक फुटलेले, गूळ पाझरून चाळणीला चिकटलेला. पारीवाली सुसाट पुढे गेली होती आणि कळ्यावालीपुढे पाऱ्यांचा ढीग सुकत होता. पाण्याचा हात लावून लावून ती बिचारी वळत होती. लोखंड वाट बघतं, उकड नाही बघत.

"जिने पारी केली, तिनेच कळ्या पाडायच्या. बसा गं आपापला गोळा घेऊन," काकू म्हणाल्या.

पण तीस डबे जास्तीचे होतेच, वर वाया गेलेला तास. वहीत जो तो 'अकराच्या आत'. मी फोन घेऊन बसले आणि प्रत्येकाला एकच विचारलं, गुरुजी किती वाजता येणार? चतुर्थीला खरा तुटवडा गुरुजींचा. कुणाकडे ते आठला येणार होते, कुणाकडे थेट साडेबाराला, आणि नैवेद्य त्यानंतर. (एक आजोबा उखडले, "तुम्हाला काय करायचंय?" मोबाइलवर मंत्र लावून पूजा करणारे सगळ्यांत उतावळे, त्यांचे डबे आधी काढले.) त्या वेळांप्रमाणे यादी नव्याने लावली, तर बरेच डबे आपसूक दुपारकडे सरकले.

शेवटचा डबा दीडच्या सुमारास गेला. मुलगाच घेऊन गेला, लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर.

पुढच्या वर्षी काकूंनी वही 110 लाच मिटली. गुरुजींच्या वेळेचा रकाना मुलाने आखून दिला, तो मात्र त्यांनी ठेवला.