वाचायची सोय झाली, छापायचं काय?

आज रंकाळ्यावर भाची भेटली. नॅनोमटेरियलवर पीएचडी चाललीय. जर्मनीतल्या परिषदेत तिचा पेपर घेतला, पण व्हिसाची अपॉइंटमेंटच मिळेना. जपानी सहलेखकाला मात्र तिथं जायला व्हिसाच लागत नाही!

बरं, छापायचं म्हटलं तर? 'नेचर' या विज्ञान नियतकालिकानं 2021 मध्ये लेख सगळ्यांना फुकट वाचायला खुला ठेवायची सोय केली, तेव्हाच लेखकाकडचं शुल्क होतं 9,500 युरो. पोरीची फेलोशिप महिना 37,000 रुपये. म्हणजे जवळपास दोन वर्षं उपाशी राहायचं. सरकारी कॉलेजं-विद्यापीठांत संशोधन नियतकालिकं वाचायला मिळावीत म्हणून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला सरकारनं 6,000 कोटी दिले, बेस्ट झालं. पण ती सोय वाचणाऱ्याची.

मीच तावातावानं बोलत होतो. ती भेळ खात म्हणाली, "मामा, परिषदेत ऑनलाइन बोलते की. पण चहाच्या सुट्टीत ज्या ओळखी होतात, त्या कुठनं आणू?"