हाउसिंगचं फिनवालं कव्हर: उन्हाळाभर वापरल्यावर

जुन्या महिंद्रा जीपच्या मागच्या हाउसिंगला (मागच्या अ‍ॅक्सलवरची डिफरन्शियलची पेटी, जिच्यात चाकं फिरवणारे गिअर तेलात चालतात) अ‍ॅल्युमिनियमचं फिनवालं, म्हणजे बाहेरून पातळ उभ्या पट्ट्या असलेलं, कव्हर लावून अख्खा उन्हाळा गाडी चालवली. मागे संत्र्याचे क्रेट, आर्वीकडचे पांदण रस्ते, वर परतवाडा-चिखलदरा घाट. तेल थंड राहतं का, असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर: जाणवेल इतकं नाही.

आधी मोजण्याचं सांगतो, कारण फसगत तिथेच होते. इन्फ्रारेड गन (लांबून तापमान मोजणारी) नव्या कव्हरवर धरली की आकडा बराच खाली दिसतो. पण चकचकीत अ‍ॅल्युमिनियम किरणांच्या रूपात उष्णता फारच कमी फेकतं आणि साध्या गनमध्ये उत्सर्जकता (अशी उष्णता फेकण्याचं माप) ०.९५ च्या आसपास धरलेली असते. कव्हरवर काळी टेप चिकटवून त्यावर मोजा, थंडावा गायब होतो. म्हणून मी फिलर प्लगमधून (तेल भरायच्या भोकातून) तापमानाचा प्रोब थेट तेलात सोडला. तोच घाट, तेवढाच माल, जुन्या पत्र्याच्या कव्हरशी तुलना: फरक नगण्य.

कारण पटण्यासारखं आहे. समोरून येणारा वारा हाउसिंगच्या पुढच्या अंगावर आदळतो. कव्हर मागे, आडोशाला. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता लोखंडापेक्षा कितीतरी लवकर जाते हे खरं, पण अडतं ते पत्र्यात नाही, बाहेरच्या जवळजवळ थांबलेल्या हवेत. जास्त तेल मावतं त्याचा फायदा एवढाच की तापायला उशीर लागतो. लांब चढावर तेही तेवढंच तापतं. आणि फिलर प्लग वर असेल तर लेव्हल चढते, क्राउन (आतला मोठा दातेरी गिअर) तेल घुसळतो, फेस होतो आणि ब्रीदरमधून (हाउसिंगच्या हवेच्या भोकातून) तेल बाहेर येतं.

मला खरी काळजी वंगणाची आहे. गाडी पुढे जाताना क्राउनचे दात कव्हरच्या बाजूने खालून वर येतात. येताना तेल उचलतात. मूळ कव्हर आतून गोलाकार असतं, त्यामुळे ते तेल कव्हरच्या वळणाने वर जाऊन पुढे पिनियनच्या (क्राउनला फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या) बेअरिंगकडे फेकलं जातं. पिनियनचं पुढचं बेअरिंग दूर असतं, त्याची सगळी भिस्त या फेकलेल्या तेलावर. माझं नवं कव्हर आतून सपाट आहे. सपाट भिंतीवर तेल आपटतं, मागे उसळतं आणि त्यात हवा मिसळते. अमेरिकेत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या गेल बँक्स यांनी पारदर्शक कव्हर लावून हेच दाखवलं. ते स्वतः कव्हर विकतात हे लक्षात ठेवा, तरी तेलाची वाट डोळ्यांना दिसते.

नव्या कव्हरचे गुण नाकारत नाही. जाड आहे, गोट्यांचा मार सोसतं, मॅग्नेटवाला ड्रेन प्लग फार उपयोगी. पण तेवढ्यासाठी पिनियन उपाशी ठेवायचा नाही. ट्रकवाल्यांसाठी एक: बॅन्जो हाउसिंगमध्ये (मध्ये गोल, दोन्ही बाजूंना नळ्या असलेल्या) गोळा, म्हणजे क्राउन-पिनियनचा जोड, पुढून निघतो, मागचा घुमट बहुधा वेल्ड केलेला असतो, तिथे हा प्रश्नच येत नाही.

आता मूळ कव्हर परत बसवतो आहे. तेल जीएल-५ दर्जाचं ईपी ९० (दातांवरचा जास्त दाब सोसणारं गिअर तेल), लेव्हल प्लगच्या काठापर्यंत. ब्रीदरची नळी चेसिसवर उंच नेणार, कारण तापलेलं हाउसिंग नाल्याच्या पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि पाणी ओढलं जातं. तेल काढताना मॅग्नेट बघेन. बारीक राखाडी चिखल असेल तर चालेल, दाताचे तुकडे किंवा चकत्या सापडल्या तर पावसाआधी पिनियन खोलणार.