आमची वाटचाल : तोक्योतून, मोठ्यांच्या फिगर

जपानी ॲनिमेतल्या (ॲनिमेशन मालिका-चित्रपटांतल्या) पात्रांच्या फिगर, म्हणजे छोट्या रंगीत मूर्ती, संग्राहकांना शोधून देणं हे आमचं काम. तोक्योच्या निशिकसाई भागात, राहत्या घरातल्या एका खोलीतून ते चालतं. मी आणि बायको, दोघंच. सुरुवात ओळखीच्यांसाठी खरेदी करण्यातून झाली. पुढे मागणी वाढली ती प्रौढ संग्राहकांची: बनी सूटमधल्या (सशाचे कान लावलेल्या तोकड्या पोशाखातल्या), स्विमसूटमधल्या, फ्रीइंग या कंपनीच्या १/४ मापाच्या, म्हणजे पात्राच्या उंचीच्या पाव आकाराच्या, मोठ्या फिगर.

हा माल बहुतेक आगाऊ नोंदणीवर निघतो. तो संपला की पुन्हा निघेलच असं नाही, म्हणून खरा बाजार वापरलेल्या मालाचा. जपानात जुना माल घेऊन विकायचा तर 'कोबुत्सुशो' परवाना लागतो. पोलीस ठाण्यात अर्ज करून तो काढला, तिथून आम्ही धंदा सुरू झाला असं धरतो. खरेदीसाठी तोक्योतल्या नाकानो ब्रॉडवे आणि अकिहाबारा इथल्या दुकानांत जातो.

नाशिक-पुण्याकडच्या गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, ओरिजिनलच ना?" रास्त प्रश्न आहे. नकली मालात त्वचा तेलकट चमकते, केसांच्या टोकाला छटा नसते, डोळ्यांची छपाई किंचित सरकलेली असते. आम्ही टॉर्च लावून चेहरा, बोटं आणि तळाची खुंटी बघतो. फिगर पीव्हीसी प्लास्टिकच्या असतात; बरीच वर्षं खोक्यात बंद राहिल्या की त्यातला प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) वर येतो आणि फिगर चिकट होते. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ ब्रशने धुतली, सावलीत वाळवली, की ती बहुतेक वेळा पूर्ववत होते. हे काम बायकोचं. तिच्याइतका हलका हात माझा नाही. फोटो धुण्याआधीचे आणि नंतरचे, दोन्ही पाठवतो.

दोन गोष्टींवर तडजोड नाही. अल्पवयीन दिसणाऱ्या पात्रांच्या तसल्या फिगर आम्ही ठेवतच नाही, कोणी कितीही पैसे देवो. आणि अश्लील वस्तूंच्या आयातीवर भारतात १९६४ च्या सीमाशुल्क अधिसूचनेने बंदी आहे, म्हणून कपडे उतरवता येणाऱ्या 'कास्ट-ऑफ' फिगर तिकडे पाठवत नाही. गिऱ्हाईक नाराज होतं, होऊ दे.

हल्ली आम्ही तोक्योजवळच्या माकुहारी मेस्से या प्रदर्शन केंद्रात भरणाऱ्या वंडर फेस्टिव्हल या फिगरच्या मेळाव्यालाही जातो. तिथे हौशी मूर्तिकार त्या एका दिवसापुरती पात्रांच्या हक्कधारकांची परवानगी घेऊन स्वतः घडवलेली रेझिन किट (जोडून रंगवायचे सुटे भाग) विकतात. नाकाची रेघ, कमरेचा बाक, सगळं त्यांच्या हातचं. त्यांच्याशी उभ्याउभ्या बोलायला मिळतं याचा आनंद विक्रीपेक्षा मोठा आहे. पुण्यातली काही मुलं आता अशी बिनरंगी किट मागवून स्वतः एअरब्रशने रंगवतात. या हिवाळ्यात त्यांची यादी घेऊन जाणार आहोत.